ओळख पटली तरी टी पेशी थांबते, ती का?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर तुम्हाला लगेच दिसेल.

तुम्ही एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी निरोगी रक्तदात्याच्या रक्तातून फायकॉल या दाट द्रावावर पीबीएमसी, म्हणजे रक्तातल्या एककेंद्रकी पांढऱ्या पेशी, काढल्या. त्यांतून चुंबकी मण्यांच्या किटने नाईव्ह (अजून एकदाही कामाला न लागलेल्या) सीडी४ टी पेशी वेगळ्या केल्या, त्यांना सीएफएसई (दर विभाजनाला निम्मा होणारा चमकता रंग) लावलं आणि अँटी-सीडी३ (टी पेशीच्या रिसेप्टरला जोडलेल्या सीडी३ला धरून तो ओढणारी अँटीबॉडी) कोट केलेल्या प्लेटमध्ये घातल्या. दुसऱ्या दिवशी फ्लोवर, म्हणजे पेशींवरचे रेणू मोजणाऱ्या यंत्रावर, सीडी६९ (रिसेप्टर ओढला गेल्यावर पेशीच्या पृष्ठभागावर येणारा रेणू) छान वर गेलेलं दिसलं. चौथ्या दिवशी मात्र सीएफएसईचं शिखर जिथल्या तिथे, एकही विभाजन नाही. आणि पाचव्या दिवशी निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या. तुमच्या मैत्रिणीने त्याच कुपीतलं अँटी-सीडी३ सरळ पीबीएमसीत मिसळलं, तर तिच्या पेशी चार-पाच वेळा विभागल्या. गाईड एवढंच म्हणाले, ‘सेकंड सिग्नल दिला नाहीस.’ तुमचा प्रश्न असा की रिसेप्टर ओढला गेला, सीडी६९ने तसं सांगितलंही, मग अडलं कुठे? आणि जंतू ओळखल्यावर टी पेशीला आणखी कुणाच्या होकाराची गरज का पडावी?

तुमची प्लेट मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी ‘जर-तर’च्या राहणार. अँटी-सीडी३ किती कोट केलं, पेशी ताज्या होत्या की फ्रीझरमधल्या, वेलमध्ये (प्लेटच्या एकेका खळग्यात) किती घातल्या, नाईव्ह पेशींमध्ये मेमरी (पूर्वी एकदा लढलेल्या) पेशी किती मिसळून राहिल्या, या प्रत्येकाने उत्तर थोडंथोडं बदलतं. प्लेटवर अँटी-सीडी३ भरपूर असतं तर काही पेशी, विशेषतः मेमरी, दुसऱ्या सिग्नलशिवायही विभागल्या असत्या. पण तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टी (सीडी६९ वर, विभाजन शून्य, पाचव्या दिवशी मरण) एकत्र पाहिल्या तर तुमचे गाईड बरोबर आहेत असंच मला वाटतं. त्यांनी फक्त कारण सांगितलं नाही.

एक शक्यता आधीच बाजूला काढते. फ्लोसाठी मिळणाऱ्या अँटीबॉडीच्या कुप्यांमध्ये टिकाऊपणासाठी बहुतेकदा सोडियम अझाइड असतं. ते पेशींचा श्वासच बंद करतं, आणि कल्चर मरण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. पण तीच कुपी मैत्रिणीच्या कल्चरमध्ये चालली, आणि तुमच्या प्रयोगात तर कोट करून झाल्यावर प्लेट धुतली जाते. म्हणजे दोष कुपीत नाही. फरक आहे तो तिच्या वेलमध्ये असलेल्या आणि तुम्ही किटने काढून टाकलेल्या पेशींचा.

आता मूळ प्रश्नाकडे. ‘टी पेशी जंतू ओळखते’ हे आपण अकरावी-बारावीपासून इतकं ऐकतो की ते खरंच वाटायला लागतं. टी पेशीला जंतू म्हणजे काय हे ठाऊक नसतं. तिचा रिसेप्टर जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून तयार झालेला असतो. तो कशाला चिकटेल हे नशिबावर असतं. सीडी४ पेशीच्या रिसेप्टरला दिसतो तो फक्त तेरा ते पंचवीसेक अमिनो आम्लांचा एक तुकडा, दुसऱ्या पेशीने आपल्या एचएलए (पृष्ठभागावर तुकडे मांडणाऱ्या, माणसागणिक वेगळ्या) रेणूच्या खोबणीत धरून दाखवलेला. तुकडा मोकळा तरंगत असेल तर तो दिसत नाही. परक्या एचएलएवर असेल तरी बहुधा नाही. झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये कॅनबेरात उंदरांवर काम करताना हीच अट दाखवली, आणि १९९६ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

मुद्दा असा, की कोणत्याही क्षणी एचएलएवर धरलेले बहुतेक तुकडे आपल्याच प्रथिनांचे असतात. थायमस या छातीतल्या ग्रंथीमध्ये टी पेशींची कडक छाननी होते आणि तिथे तयार होणाऱ्या शंभरातल्या पाचही बाहेर पडत नाहीत, तरी चाळणीतून काही सुटतातच. चेतातंतूंच्या वेष्टनातल्या मायलिन प्रथिनाला चिकटू शकणाऱ्या टी पेशी पूर्ण निरोगी माणसांच्या रक्तातही सापडल्या आहेत. माझ्यात असतील, तुमच्यातही असतील. रिसेप्टर जुळला एवढ्यावरच पेशी कामाला लागली असती, तर आपल्यापैकी कुणीच धडधाकट राहिलं नसतं.

म्हणून ‘जुळलं का?’ आणि ‘आत्ता लढायची वेळ आहे का?’ हे दोन प्रश्न शरीराने वेगवेगळ्या पेशींकडे दिले आहेत. पहिला टी पेशीकडे, दुसरा डेंड्रायटिक पेशीकडे, म्हणजे ऊतींमध्ये पहारा देत तुकडे गोळा करणाऱ्या पेशीकडे. डेंड्रायटिक पेशीला एकेका जंतूचा बारीक फरक कळत नाही. पण जंतूंच्या अंगची ठरलेली लक्षणं तिच्या टोल-लाइक रिसेप्टरांना आणि त्यांच्या भाईबंदांना बरोबर कळतात: जिवाणूची भिंत, विषाणूचं दुपदरी आरएनए, शेपटीतलं फ्लॅजेलिन. ती खूण लागली तरच ती आपल्या पृष्ठभागावर सीडी८० आणि सीडी८६ वाढवते. तेच रेणू टी पेशीच्या सीडी२८ला धरतात, आणि तुमच्या गाईडचा ‘सेकंड सिग्नल’ म्हणजे हाच. लस करणाऱ्यांना हे अनुभवाने फार आधी कळलं होतं: नुसतं शुद्ध प्रथिन टोचलं तर प्रतिसाद मिळमिळीत येतो, ॲलम (ॲल्युमिनियमचा क्षार) घातलं की सुधारतो. ते तसं का, याची नीट मांडणी प्रतिकारशास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये केली आणि पुढच्या दहा वर्षांत टोल रिसेप्टर सापडून ती खरी ठरली.

हे शरीरात कुठे घडतं, ते डोळ्यांसमोर आणायला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे: अवधाण. पायाला काटा लागतो, जखम चिघळते आणि दोन दिवसांनी जांघेत दुखरी गाठ येते. आजी लगेच ओळखायची, ‘अवधाण आलंय, पाय बघ.’ ती गाठ म्हणजे कामाला लागलेला लिम्फ नोड, म्हणजे लसिकाग्रंथी. पायातली डेंड्रायटिक पेशी जंतूचे तुकडे घेऊन लसिकावाहिनीतून तिथे पोचते, साधारण दिवसभरात. टी पेशी तिथे रक्तातून येतात, एका नोडमध्ये अर्धा-एक दिवस फिरतात आणि काही जुळलं नाही तर पुढच्या नोडकडे निघतात. एखाद्या ठरावीक तुकड्याला जुळणारी नाईव्ह पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक. ती पायाच्या जखमेत शोधत बसली असती तर भेट झालीच नसती. सगळ्यांनी एकाच जागी यायचं ठरलेलं आहे म्हणून होते. आणि सूज आली की नोडची आवक वाढते, जावक काही काळ बंद पडते. जांघेतला तो दुखरा फुगवटा म्हणजे थोपवून धरलेल्या या लाखो पेशी.

आता तुमच्या सीडी६९कडे या. जावक बंद पडते तिच्यामागचा एक मोठा भाग म्हणजे हाच रेणू. टी पेशीला नोडमधून बाहेर काढणारा एसवनपी नावाच्या स्निग्ध रेणूचा एक रिसेप्टर असतो. सीडी६९ त्याला धरून पेशीच्या आत ओढतं आणि बाहेरची वाट बंद होते. म्हणजे सीडी६९ चा अर्थ ‘मला काहीतरी जुळलंय, मी थांबतेय’ एवढाच. तो दोन-चार तासांत वर येतो, त्याला पहिला सिग्नल पुरतो, इंटरफेरॉनच्या (विषाणू आल्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनाच्या) नुसत्या झुळकीनेही तो वाढतो. तुम्ही ओळख पटल्याची खूण मोजली आणि तिला निर्णयाची खूण समजलात. ही चूक फार जण करतात, कारण किटच्या पत्रकातही सीडी६९ ‘ॲक्टिव्हेशन मार्कर’ म्हणूनच छापलेलं असतं. निर्णयाच्या जास्त जवळ जायचं तर चोवीस तासांनी सीडी२५ (पेशीला विभागायला लावणाऱ्या आयएल-२ या प्रथिनाच्या रिसेप्टरचा भाग) बघा, आणि खरा निकाल सीएफएसईवर.

उंदरांच्या लिम्फ नोडमध्ये टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे प्रत्यक्ष पाहिलेलं आहे, आणि विद्यार्थ्यांना शिकवताना मला ते वर्णन सगळ्यात उपयोगी पडतं. पहिले आठेक तास टी पेशी एका डेंड्रायटिक पेशीपाशी काही मिनिटं टेकते, निघते, दुसरीपाशी टेकते. नंतरचे बाराएक तास ती एकीलाच घट्ट धरून बसते. दुसऱ्या दिवशी सुटते, पुन्हा झपाझप फिरू लागते आणि विभागायला लागते. बटण दाबलं की दिवा लागला असं इथे काही नाही. पेशी तासन्‌तास पुरावा गोळा करत असते.

तिच्या आत काय होतं, ते तुमच्या पाचव्या दिवसासाठी महत्त्वाचं आहे. रिसेप्टर ओढला गेला की एलसीके आणि झॅप-७० ही एन्झाइमं जागी होतात, आणि मिनिटभरात पेशीतलं कॅल्शियम चढतं. कॅल्शियमने कॅल्सिन्युरिन जागं होतं, ते एनफॅट नावाच्या प्रथिनाला केंद्रकात पाठवतं. किडनी बदललेल्या रुग्णाला रोज टॅक्रोलिमस घ्यावं लागतं ते नेमकी हीच पायरी अडवून ठेवण्यासाठी. पण एनफॅट एकटं केंद्रकात पोचलं तर आयएल-२ चं जनुक नीट उघडत नाही. त्याला सोबत एपी-१ आणि एनएफ-कॅपा-बी ही जनुकं उघडणारी आणखी प्रथिनं लागतात, आणि त्यांना पुरेसा जोर सीडी२८कडून मिळतो. शिवाय सीडी२८मुळे आयएल-२ च्या जनुकाचा आरएनए-निरोप लवकर विरत नाही, आणि बीसीएल-एक्सएल हे पेशीला मरणापासून वाचवणारं प्रथिन वाढतं. तुमच्या पेशींना आयएल-२ ही नाही आणि बीसीएल-एक्सएलही नाही. एवढ्या ढकलल्यावर त्या पाचव्या दिवशी मेल्या, यात मला नवल वाटत नाही.

ज्या वाचतात त्यांचंही पुढे काही चांगलं होत नाही. एनफॅट सोबत्यांवाचून काम करत राहिलं की पेशी गप्प बसवणारी जनुकं उघडतं. १९८७ मध्ये जेनकिन्स आणि श्वार्ट्झ यांनी रसायनाने गोठवलेल्या पेशींवर अँटिजेन धरून टी पेशींना दाखवलं. तुकडा जुळत होता, पण गोठलेल्या पेशी दुसरा सिग्नल देऊ शकत नव्हत्या. त्या टी पेशी नंतर सगळं नीट दिलं तरी उठल्या नाहीत. याला ॲनर्जी म्हणतात. म्हणून एक व्यवहारी सूचना: चौथ्या दिवशी ‘चला, आता अँटी-सीडी२८ घालून बघू’ असं त्याच प्लेटवर करू नका. वेळ निघून गेलेली असते. दोन्ही सिग्नल पहिल्यापासून एकत्र हवेत.

तिसऱ्या सिग्नलबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तुमच्या अडचणीशी त्याचा संबंध नाही. पेशी विभागायची हे पहिल्या दोन सिग्नलांनी ठरतं. ती पुढे कोण होणार हे आजूबाजूच्या सायटोकाइन्सनी, म्हणजे पेशींच्या आपसातल्या निरोप्या प्रथिनांनी. आयएल-१२ असेल तर इंटरफेरॉन-गॅमा सोडणारी टीएच१, आयएल-४ असेल तर टीएच२.

इथवरचं एकत्र बघा. जुळणं म्हणजे पहिला सिग्नल. त्याने पेशी थांबते, सीडी६९ दाखवते. धोका आहे याची ग्वाही म्हणजे दुसरा. त्याने ती जगते, आयएल-२ सोडते, विभागते. पहिला एकटाच मिळाला तर ती मरते किंवा गप्प होते. तुमच्या प्लेटमध्ये पहिला होता, दुसरा नव्हता.

मैत्रिणीच्या प्लेटमध्ये तो आपोआप आला, तिच्या पीबीएमसीतल्या मोनोसाइट्स या दुसऱ्या पांढऱ्या पेशींमुळे. त्यांनी दोन कामं केली. एक म्हणजे अँटी-सीडी३ ची शेपटी आपल्या एफसी रिसेप्टरने धरून ठेवली. मोकळी तरंगणारी अँटीबॉडी रिसेप्टर नीट ओढत नाही, कुणीतरी ती पलीकडून धरावी लागते. तुमच्याकडे ते काम प्लास्टिकने केलं. दुसरं, मोनोसाइट्सवर सीडी८६ असतंच, तेच सीडी२८ला मिळालं. शिवाय प्रौढ माणसाच्या पीबीएमसीत मेमरी टी पेशी पुष्कळ असतात आणि त्यांना दुसऱ्या सिग्नलची गरज कमी. म्हणजे तुमचं काम तिच्यापेक्षा स्वच्छ झालं म्हणूनच ही उणीव उघडी पडली. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

पीएचए वापरून बघू का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. पीएचए म्हणजे राजम्यातलं लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रथिन), तेच ज्यामुळे राजमा नीट उकळून घ्यावा लागतो. ते टी पेशीवरच्या अनेक साखरयुक्त प्रथिनांना एकदम धरतं, म्हणून पीबीएमसीत उत्तम पॉझिटिव्ह कंट्रोल आहे. टीबी गोल्ड तपासणीतल्या मायटोजेनच्या (पेशींना विभागायला लावणाऱ्या पदार्थाच्या) नळीतही तेच असतं: पेशी मुळात जिवंत आणि सक्षम आहेत ना, हे बघायला. पण अगदी शुद्ध केलेल्या टी पेशींत मदतनीस पेशी नसतील तर तेही अडखळतं. दुसऱ्या सिग्नलचा प्रश्न त्याने सुटणार नाही.

अँटी-सीडी२८ घालणार असाल तर त्यामागचा एक प्रसंग माहीत असावा. मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन१४१२ नावाचं औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना पहिल्यांदा दिलं गेलं. ती सीडी२८ला अशी धरणारी अँटीबॉडी होती, की पहिल्या सिग्नलशिवायच टी पेशी पेटायच्या. माकडांना जो डोस सोसला होता त्याच्या पाचशेव्या भागाएवढाच डोस होता. दीड तासात सहाही जणांना सायटोकाइनचं वादळ सुरू झालं, एकेक अवयव निकामी होऊ लागले. सगळे वाचले, पण अतिदक्षता विभागातून. त्या जातीच्या माकडांच्या इफेक्टर मेमरी टी पेशींवर सीडी२८ नसतं आणि माणसाच्या असतं, हे नंतर उलगडलं. आपल्या कामासाठी त्याहून मोलाची गोष्ट पुढे कळली: प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पीबीएमसी कल्चरमध्येही हा धोका दिसला नव्हता, पण त्याच पेशी आधी दोन दिवस दाटीने ठेवून मग औषध दिलं तर त्या भडकल्या. रक्तातून काढलेल्या विरळ पेशी आणि ऊतींमध्ये दाटीने राहणाऱ्या पेशी यांची तयारी सारखी नसते. वेलमध्ये किती पेशी घातल्या असं मी सुरुवातीला विचारलं ते याच कारणाने. तुम्ही जी नेहमीची अँटी-सीडी२८ वापराल ती एकटी पेशी पेटवत नाही. तिला पहिला सिग्नल लागतोच. पण तिचा एकटीचा वेल कंट्रोल म्हणून ठेवाच.

आणि हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. रक्ताच्या कर्करोगासाठी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार१९ ही कार-टी (कर्करोग ओळखायला कृत्रिम रिसेप्टर बसवलेल्या टी पेशींची) उपचारपद्धती, जिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ती याच हिशोबावर उभी आहे. सुरुवातीच्या कार-टी पेशींना फक्त सीडी३ची शेपटी जोडलेली होती. त्या कर्करोगाची पेशी ओळखायच्या, पण शरीरात टिकायच्या नाहीत, अगदी तुमच्या पाचव्या दिवसासारख्या. शेपटीत सीडी२८ किंवा ४-१बीबीचा तुकडा जोडला, म्हणजे दुसरा सिग्नल त्याच रिसेप्टरमध्ये बांधून दिला, तेव्हा त्या टिकल्या आणि रुग्ण बरे होऊ लागले.

आता पुढचा प्रयोग. मी तुमच्या जागी असते तर एकाच दात्याच्या नाईव्ह सीडी४ पेशींचे पाच गट लावले असते: काहीच न दिलेला, फक्त अँटी-सीडी३, फक्त अँटी-सीडी२८, दोन्ही, आणि अँटी-सीडी३ सोबत बाहेरून आयएल-२. हा शेवटचा गट बहुतेक जण लावत नाहीत. मला तो सगळ्यात बोलका वाटतो, कारण आयएल-२ दिल्यावर पेशी काही प्रमाणात तगल्या तर तुमची उणीव नेमकी कुठे होती ते दिसतं. ९६ वेलच्या प्लेटमध्ये वेलमागे लाख ते दोन लाख पेशी, अँटी-सीडी२८ मीडियातच, एक-दोन मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. फ्रीझरमधल्या पेशी असतील तर रात्रभर विसावू द्या. चोवीस तासांनी सीडी६९ आणि सीडी२५ एकत्र, सीएफएसई चौथ्या दिवशी, आणि दोन्ही वेळा मेलेल्या पेशींचा रंग लावल्याशिवाय फ्लोवर जाऊ नका. मेलेल्या पेशी वाटेल त्या अँटीबॉडीला चिकटतात.

कोटिंग मात्र साध्या पीबीएसमध्येच (मिठाच्या बफर द्रावणात) करा. प्रयोगशाळेतल्या माझ्या दुसऱ्या वर्षी मी अँटी-सीडी३ सीरम घातलेल्या मीडियात पातळ करून कोट करत होते, का तर तो हाताशी होता. सीरममधलं अल्ब्युमिन प्लास्टिकवरची जागा अडवून बसायचं, अँटीबॉडी धुऊन निघून जायची, आणि मी सहा आठवडे दात्यांना, किटला, इनक्युबेटरला दोष देत राहिले. शेवटी आमच्या टेक्निशियन काकांनी माझ्या हातातली बाटली बघून विचारलं, ‘मॅडम, ही गुलाबी का?’ पीबीएसला रंग नसतो. तेव्हापासून कोटिंगच्या दिवशी मीडियाची बाटली मी हूडमध्ये ठेवतच नाही.

फ्लोची वाट न बघताही तिसऱ्या दिवशी सकाळी प्लेट इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपखाली धरा. दोन्ही सिग्नल मिळालेल्या वेलमध्ये पेशी फुगलेल्या, लांबोडक्या झालेल्या आणि द्राक्षांच्या घडासारख्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतील, आणि मीडिया पिवळसर व्हायला लागलेला असेल. फक्त अँटी-सीडी३च्या वेलमध्ये त्या सुट्यासुट्या, बारीक, गोल राहतील. दोन्ही वेल शेजारीशेजारी लावा आणि फोटो काढून ठेवा. आयएल-२च्या वेलमध्ये काय दिसलं तेही इथेच लिहा. त्यावरून पुढचं बोलता येईल.